एकाच नावाची गाणी आणि मालिकांचं शीर्षकसंगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाण्याचं नाव पक्कं आठवत असतं, आपण ते शोधतो आणि वाजायला लागतं भलतंच गाणं. किंवा एखाद्या मालिकेची धून दिवसभर डोक्यात घोळत असते आणि ती कुणी बांधली हे कुठेच सापडत नाही. या दोन अडचणींभोवतीचेच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारले जातात. ज्यांची उत्तरं खात्रीने देता येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

दोन वेगळ्या गाण्यांना एकच नाव देणं कायद्यात बसतं का?

बसतं. गाण्याची चाल, त्याचे शब्द आणि त्याचं ध्वनिमुद्रण या तिन्हींवर हक्क असतो. नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये 'देसी बॉईज' या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या खटल्यात हेच स्पष्ट केलं. दोन-चार शब्दांचं शीर्षक ही कॉपीराइटच्या अर्थाने स्वतंत्र साहित्यकृती ठरत नाही, असा तो निकाल आहे. अमेरिकेतही नाव, शीर्षक आणि छोट्या शब्दसमूहांची कॉपीराइटखाली नोंद होत नाही.

मला हे योग्य वाटतं. 'पाऊस' किंवा 'आई' हे शब्द एकाच कवीच्या मालकीचे झाले असते, तर पुढच्या कवींनी काय करायचं? मात्र दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाचा आधार घेऊन आपला माल त्याचाच आहे असं भासवणं ही फसवणूक आहे, आणि तिच्यासाठी वेगळे कायदे आहेत.

एकाच सुमारास एकाच नावाची गाणी गाजली, असं खरंच झालंय का?

झालंय, आणि सगळ्यात ठळक उदाहरण 'द पॉवर ऑफ लव्ह'चं. फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं या नावाचं गाणं डिसेंबर 1984 मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. ऑगस्ट 1985 मध्ये ह्युई लुइस अँड द न्यूज यांचं याच नावाचं गाणं अमेरिकेत पहिलं आलं. 'बॅक टू द फ्युचर' या चित्रपटातलं ते हेच. त्यानंतर ऑक्टोबर 1985 मध्ये जेनिफर रश यांचं 'द पॉवर ऑफ लव्ह' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. वर्षही पुरतं उलटलं नव्हतं आणि एका नावाची तीन गाणी झाली होती. चाल वेगळी, शब्द वेगळे, बाजही वेगळा. पुढे सेलिन डिऑन यांनी गायलेलं 1994 मध्ये अमेरिकेत पहिलं आलं. ते चौथं गाणं नव्हे. जेनिफर रश यांचंच गाणं त्यांनी पुन्हा गायलं होतं.

'माय लव्ह' या नावाची तर तीन वेगळी गाणी अमेरिकेच्या यादीत पहिली आली आहेत: 1966 मध्ये पेटुला क्लार्क, 1973 मध्ये पॉल मॅकार्टनी आणि विंग्ज, 2006 मध्ये जस्टिन टिम्बरलेक. 'हॅलो'ही तसंच. लायोनेल रिची यांचं 1984 चं, अडेल यांचं 2015 चं.

कधी कधी गोंधळ टाळायला कलाकार स्वतःच वाट काढतात. व्हॅन हेलन यांचं 'जंप' 1984 मध्ये जोरात होतं, त्याच वर्षी पॉइंटर सिस्टर्सचं 'जंप' आलं, आणि त्यांनी नावाला 'फॉर माय लव्ह' ही पुरवणी जोडली.

एकाच नावाचं दुसरं गाणं आणि जुन्या गाण्याचं कव्हर, म्हणजे दुसऱ्याने पुन्हा गायलेलं तेच गाणं, यातला फरक कसा ओळखायचा?

गायकाचं नाव पाहू नका, गीतकार-संगीतकाराचं पाहा. 'व्हीनस' हे नाव अमेरिकेच्या यादीत तीनदा पहिलं आलं: 1959 मध्ये फ्रँकी अव्हलॉन, 1970 मध्ये शॉकिंग ब्लू, 1986 मध्ये बनानारामा. गायक तीन असले तरी गाणी दोनच. शॉकिंग ब्लूचं गाणं त्यांच्याच रॉबी व्हान लीउवेन यांनी रचलेलं, आणि बनानारामाने तेच नव्या ठेक्यात गायलं. अव्हलॉन यांच्या गाण्याशी दोघांचा संबंध नाही.

आपल्याकडच्या गाण्यांना मुळात नाव असतं का?

हा प्रश्न मला फार आवडतो. इंग्रजी पॉप गाण्याला वेगळं शीर्षक द्यायची रीत आहे, आणि ते शीर्षक गाण्यात कुठेच आलं नाही तरी चालतं. आपल्याकडे बहुतेक गाणं मुखड्याच्या पहिल्या शब्दांनी ओळखलं जातं. अभंगांनाही कुणी वेगळी नावं दिली नाहीत, पहिला चरण हीच त्यांची ओळख. त्यामुळे आपल्याकडे नाव सारखं असतं म्हणजे सुरुवातीचे दोन शब्द सारखे असतात, आणि तिसऱ्या शब्दाला वाट वेगळी होते.

'तेरे बिना' घ्या. 'आँधी' (1975) मधलं 'तेरे बिना ज़िंदगी से', 'घर' (1978) मधलं 'तेरे बिना जिया जाये ना' आणि 'गुरु' (2007) मधलं 'तेरे बिना'. पहिल्या दोन्हींना राहुलदेव बर्मन यांचं संगीत, तिसऱ्याला ए. आर. रहमान यांचं. आणि तिन्ही गाणी लिहिली आहेत गुलजार यांनी! एकाच कवीने बत्तीस वर्षांत त्याच दोन शब्दांनी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा वेगळ्या ठिकाणी पोचला. 'आँधी'त दुरावलेल्या दोघांचा समजूतदार सल आहे, 'घर'मध्ये नव्या प्रेमाची हुरहुर आहे, 'गुरु'मध्ये एकट्या रात्रीला चवच उरलेली नाही. तिन्ही ओळीने ऐकून पाहा. 'तेरे बिना' हे शब्द लता मंगेशकर 'आँधी'त किती सावकाश सोडतात आणि 'घर'मध्ये किती लाडात म्हणतात, यावरच एक संध्याकाळ सहज जाईल.

'जरा जरा'चंही असंच. 2001 च्या 'रहना है तेरे दिल में' मधलं आणि 2008 च्या 'रेस' मधलं. शोधताना फक्त 'जरा जरा' लिहिलंत तर दोन्ही समोर येतात.

मालिकेचं नाव जुन्या गाण्यावरून ठेवतात का?

मराठीत तर सर्रास. 'का रे दुरावा' हे आधी 1970 च्या 'मुंबईचा जावई' मधलं गाणं: ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, आशा भोसले यांचा आवाज. चव्वेचाळीस वर्षांनी त्याच नावाची मालिका आली. 'मन उधाण वाऱ्याचे' हे 'अगं बाई अरेच्चा!' मधलं अजय-अतुल यांचं गाणं, पुढे मालिकेचं नाव झालं. 'अवघाचि संसार' हे शब्द तर थेट ज्ञानेश्वरांच्या अभंगातले. अशा नावाचा फायदा उघड आहे. मालिकेचा पहिला भाग यायच्या आधीच तिच्याभोवती एक भाव तयार असतो. तोटा एवढाच, की आज कुणी 'का रे दुरावा' शोधायला गेलं तर आशाबाईंच्या आधी मालिकेच्या भागांची रांग लागते.

परदेशातही हे आहे. 'कौन बनेगा करोडपती' ज्या ब्रिटिश कार्यक्रमावर बेतला आहे त्याचं नाव 'हू वॉन्ट्स टू बी अ मिल्यनेअर?', आणि हे नाव कोल पोर्टर यांच्या 1956 च्या 'हाय सोसायटी' चित्रपटातल्या गाण्याचं. उलटाही प्रकार घडला आहे. एका अमेरिकी मालिकेचं नाव नुसतं 'कॉटर' ठेवायचं होतं. जॉन सेबॅस्टियन यांनी शीर्षकगीत बांधलं 'वेलकम बॅक' आणि ते ऐकून मालिकेचंच नाव 'वेलकम बॅक, कॉटर' झालं. गाणं 1976 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

'फ्रेंड्स' या अमेरिकी मालिकेचं गाणं शोधलं की बॉन जोवी हा रॉक बँड का येतो?

कारण 'आय'ल बी देअर फॉर यू' या नावाचं बॉन जोवीचं गाणं 1989 मध्येच अमेरिकेत पहिलं आलं होतं. 'फ्रेंड्स' सुरू झाली 1994 मध्ये. तिचं याच नावाचं गाणं द रेम्ब्रँड्स या बँडचं, आणि चाल मायकेल स्कलॉफ यांची.

याला जोडून नेहमी विचारतात, की मालिकेत ऐकू येतं तेवढंच गाणं आहे का. सुरुवातीला तेवढंच होतं, एक मिनिटाच्याही आतलं. नॅशव्हिलच्या एका रेडिओ केंद्राने तो तुकडा पुन्हा पुन्हा जोडून लांब केला आणि वाजवायला सुरुवात केली. श्रोत्यांची मागणी इतकी वाढली की बँडने उरलेलं गाणं नव्याने रचून 1995 मध्ये पूर्ण स्वरूपात ध्वनिमुद्रित केलं. तुम्हाला मालिकेतलं छोटं रूप हवं असेल तर शोधताना 'फ्रेंड्स' हा शब्द जोडाच.

शीर्षकगीत, शीर्षकसंगीत आणि सिग्नेचर ट्यून एकच का?

शब्द असले तर शीर्षकगीत, म्हणजे आपण ज्याला बोलताना 'टायटल साँग' म्हणतो ते. नुसती धून असली तर शीर्षकसंगीत. सिग्नेचर ट्यून ही वाहिनीची किंवा केंद्राची ओळख असते. दूरदर्शनची धून पंडित रविशंकर यांनी बांधली आणि ती 1976 पासून वाजायला लागली. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं ते हेच वर्ष. आकाशवाणीची त्याहून जुनी धून वॉल्टर कॉफमन यांची. नाझींच्या छळापासून दूर, भारतात आसरा घेतलेल्या या संगीतकाराने ती शिवरंजनी रागाच्या अंगाने बांधली.

थीम, म्हणजे मालिकेची शीर्षकधून, इतकी डोक्यात का बसते?

पहिलं कारण उजळणी. 'महाभारत'चे 94 भाग होते, म्हणजे महेंद्र कपूर यांचा तो आवाज घरोघरी 94 वेळा घुमला, आणि नंतरच्या पुनःप्रक्षेपणांत किती वेळा याची मोजदादच नाही. राजकमल यांचं संगीत आणि पंडित नरेंद्र शर्मा यांचे शब्द ज्यांनी लहानपणी ऐकले, त्यांना ते आज मधूनच कुठूनही म्हणता येतात.

पण नुसत्या उजळणीने भागत नाही. थीमला अर्ध्या मिनिटात काम उरकायचं असतं, म्हणून तिच्यात एखादी खूण लागते जी दुसऱ्या धुनेत नाही. 'मिशन : इम्पॉसिबल'ची लालो शिफ्रिन यांची 1966 ची थीम टेबलावर वाजवून पाहा. दहा मात्रा मोजा: तीन, तीन, दोन, दोन. दोन लांब ठोके, मग दोन आखूड. आपला झपतालही दहा मात्रांचा, पण त्याचे खंड दोन-तीन-दोन-तीन. इथे लांब दोन्ही आधी येतात, म्हणून दर आवर्तनाच्या शेवटी कुणीतरी घाईने पाऊल उचलल्यासारखं वाटतं. तारेने संदेश पाठवायच्या मोर्स लिपीत 'एम' म्हणजे दोन लांब आणि 'आय' म्हणजे दोन आखूड. मालिकेची आद्याक्षरं ठेक्यात बसलेली आहेत. 1996 च्या चित्रपटासाठी यू-टू बँडच्या ॲडम क्लेटन आणि लॅरी मलन यांनी हीच थीम सरळ चारच्या ठेक्यात घेतली. नाचायला ती सोपी झाली, पण ती घाई गेली असं माझं मत आहे.

'द सिम्पसन्स'च्या डॅनी एल्फमन यांच्या थीममध्ये खूण आहे ती तीव्र मध्यमाची, म्हणजे नेहमीच्या 'म'पेक्षा अर्धा स्वर वरच्या 'म'ची. शुद्ध मध्यम अपेक्षित असताना तीव्र लागतो आणि धून एकदम खोडकर होते. 'करोडपती'च्या मूळ ब्रिटिश कार्यक्रमात कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन यांनी वेगळीच युक्ती केली. रक्कम वाढत जाते तशी प्रश्नाखालच्या संगीताची पट्टी अर्ध्या स्वराने वर सरकते. पेटीवर पांढरी एकवरून काळी एक, तशी. प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, पण छातीत धडधड वाढते.

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेची थीम कुणाची?

श्रेय दिलं जातं रॉन ग्रेनर यांना, आणि चाल त्यांचीच. पण आपण ऐकतो तो आवाज 1963 मध्ये घडवला डेलिया डर्बिशायर यांनी, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिपरिणाम तयार करणाऱ्या विभागात. तेव्हा बाजारात सिंथेसायझर नव्हता. एकच तार छेडून तिचा आवाज टेपवर घ्यायचा. टेपचा वेग बदलून तोच आवाज हव्या त्या सुरावर आणायचा. मग प्रत्येक सुराच्या लांबीइतकी टेप मोजून, ब्लेडने कापून, तुकड्याला तुकडा चिकटवायचा. हुंकारासारखी वरची सुरावट चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑसिलेटरमधून, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या उपकरणातून काढलेली. एकेक सूर असा हाताने जुळवत ती सगळी थीम उभी राहिली. ग्रेनर यांनी ती ऐकली तेव्हा हे मीच लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं.

मानधनातला अर्धा वाटा डर्बिशायर यांना मिळावा, असा आग्रह ग्रेनर यांनी धरला होता. वर्कशॉपमधल्या माणसांनी निनावी राहायचं, हा संस्थेचा नियम आड आला. डर्बिशायर 2001 मध्ये गेल्या. त्यांचं नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत पडद्यावर आलं ते 2013 मध्ये, पन्नासाव्या वर्षाच्या खास भागात. मला याचं आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच थीम कुणाची, असं कुणी विचारलं की मी दोन्ही नावं सांगते.

जुनी रचना उचलून थीम करतात का?

करतात, आणि कित्येकदा ती छान बसते. 'मॉंटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मालिकेची थीम म्हणजे जॉन फिलिप सूझा यांचा 1893 चा 'लिबर्टी बेल' हा लष्करी थाटाचा मार्च. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या मालिकेला गूनो यांची बाहुलीच्या अंत्ययात्रेची धून होती. 'द ट्वायलाइट झोन'ची ती प्रसिद्ध चार सुरांची टोचणी मारियस कॉन्स्टंट यांच्या दोन सुट्या तुकड्यांना जोडून झाली. ते तुकडे आधीपासून संगीतसंग्रहात पडून होते.

सगळ्यात जुनं उगमस्थान मात्र आपल्या 'भारत एक खोज'चं. श्याम बेनेगल यांच्या या 1988 च्या मालिकेची सुरुवात ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने होते. वसंत देव यांचा हिंदी अनुवाद, वनराज भाटिया यांचं संगीत. सृष्टीच्या आधी काय होतं, या प्रश्नाने इतिहासाची मालिका उघडावी आणि त्या प्रश्नाला समूहाचा आवाज मिळावा, याहून नेमकी निवड मला दुसरी आठवत नाही.

थीम दर भागात तीच असते का?

सहसा हो. 'साइनफेल्ड' या अमेरिकी विनोदी मालिकेत मात्र जोनाथन वुल्फ यांनी ती दर भागाला नव्याने बसवली. सुरुवातीला नायक रंगमंचावर जे बोलतो त्याची लांबी आणि त्यातले थांबे वेगळे असत, म्हणून त्याच्या बोलण्याच्या फटींत थीमचे तुकडे बसवावे लागत. चार-पाच भागांच्या फक्त सुरुवाती लागोपाठ ऐका, फरक कळेल.

थीमचे पैसे संगीतकाराला मिळत राहतात का?

करार तसा असेल तर मिळतात. कार्यक्रमात कुठलं संगीत किती सेकंद वाजलं याचा तक्ता, म्हणजे क्यू शीट, भरला जातो आणि त्यावरून रॉयल्टी, म्हणजे वाजण्याबद्दल मिळणारं मानधन, ठरते. भारतात 2012 च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा अधिक पक्का केला.

'मॅश' या अमेरिकी मालिकेचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांनी त्यातल्या गाण्याचे शब्द आपल्या कुमारवयीन मुलाकडून, माइककडून लिहून घेतले. चाल जॉनी मँडेल यांची. मालिकेत ती फक्त वाद्यांवर वाजली, तरी अकरा हंगाम वाजली. चित्रपट दिग्दर्शित करून आपल्याला मिळालं त्यापेक्षा गाण्यातून मुलाला कितीतरी जास्त मिळालं, असं ऑल्टमन यांनी नंतर सांगितलं.

नाव एकच असेल तर ॲपला गाणं कसं कळतं?

नावावरून नाहीच. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक असतो, आणि मूळ रचनेला आयएसडब्ल्यूसी हा वेगळा. रचना एक आणि ध्वनिमुद्रणं पन्नास असली, तर रचनेचा क्रमांक एकच राहतो आणि ध्वनिमुद्रणांचे पन्नास होतात. ऐकून गाणं ओळखणारं शझामसारखं ॲप आवाजातले ठळक बिंदू टिपून त्यांची रचना साठ्याशी ताडून पाहतं. म्हणून त्याला गाणं ऐकवणं हे नाव टाइप करण्यापेक्षा खात्रीचं.

मग शोधताना नेमकं काय लिहावं?

मुखड्याची पूर्ण ओळ लिहा, दोन शब्दांवर थांबू नका. चित्रपटाचं किंवा मालिकेचं नाव आणि वर्ष जोडा. अंतऱ्यातली एखादी ओळ आठवत असेल तर तीच टाका. मुखडे सारखे निघतात, अंतरे क्वचितच. मालिकेच्या गाण्यासाठी मालिकेच्या नावापुढे 'शीर्षकगीत' लिहा आणि मग संगीतकाराच्या नावाने पुन्हा शोधा. 'आभाळमाया'चं शीर्षकगीत शोधताना अशोक पत्की हे नाव जोडलंत, तर ते गाणं तर मिळेलच, शिवाय त्यांनी इतर मालिकांसाठी बांधलेली शीर्षकगीतंही त्याच पानावर हाती लागतील.